पाच वॅटची बाजी

ऑक्टोबरमधला शेवटचा पूर्ण शनिवार-रविवार जगभरच्या हौशी रेडिओचालकांनी वर्षभर आधीच राखून ठेवलेला असतो. ग्रिनिचच्या घड्याळात शनिवार उजाडला, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले, की ‘सीक्यू वर्ल्डवाइड’ स्पर्धेचा बोलण्याचा भाग सुरू होतो आणि सोमवारी पहाटे साडेपाचला संपतो. मोर्सचा भाग नोव्हेंबरअखेर होतो. या 48 तासांत जास्तीत जास्त देशांतली जास्तीत जास्त केंद्रे गाठायची. एकमेकांना कॉलसाइन सांगायचे, सिग्नलचा शेरा आणि आपला विभाग क्रमांक सांगायचा, नोंद करायची आणि पुढच्याकडे वळायचे. हवापाण्याच्या गप्पांना वेळ नसतो. शेरा तर निव्वळ शिष्टाचार झाला आहे. कानात प्राण आणून ऐकावे लागलेल्या केंद्रालाही सगळे ‘फाइव्ह नाइन’, म्हणजे अगदी खणखणीत, असेच सांगतात आणि त्याच दमात ‘कॉलसाइन पुन्हा सांगा’ म्हणतात.

मराठी घरात या स्पर्धेची अडचण वेगळीच आहे. 2016 आणि 2019 या दोन्ही वर्षी स्पर्धेचा रविवार आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आले. पूजेच्या वेळी हेडफोन लावून बसणाऱ्या माणसाला घरचे काय म्हणतील ते सोडा, पण आळीभर लागलेल्या चिनी एलईडी माळा रेडिओत जी खरखर ओततात तिच्यापुढे कोणताच मंत्र चालत नाही. या खरखरीकडे पुढे यायचेच आहे.

स्पर्धेत शक्तीप्रमाणे गट असतात. हाय पॉवरला 1500 वॅटपर्यंत मुभा, लो पॉवरला 100 वॅट आणि सगळ्यांत खालच्या ‘क्यूआरपी’ गटाला फक्त 5 वॅट. जुन्या मोटारसायकलच्या मागचा लाल दिवा एवढाच असतो. त्या दिव्याइतकी शक्ती तारेत सोडायची आणि साडेसहा हजार किलोमीटरवरच्या जर्मनीत किंवा जपानमध्ये आपले नाव ऐकवायचे, हा या गटाचा खेळ.

अंकगणित मात्र वाटते तितके क्रूर नाही. 100 वॅटवरून 5 वॅटवर उतरणे म्हणजे शक्ती वीसपट कमी होणे. डेसिबलच्या हिशेबात ही घट 13 डेसिबलची. रिसीव्हरच्या सिग्नल मीटरवरचे एक घर 6 डेसिबलचे धरतात. म्हणजे 100 वॅटवाल्याचा सिग्नल जर्मनीत 7 वर येत असेल, तर त्याच तारेतून 5 वॅट गेल्यावर काटा 5 च्या जरासा खाली थांबेल. 1500 वॅटच्या राक्षसाशी तुलना केली तरी फरक 25 डेसिबलचा, म्हणजे चार घरांचा. पाचच्या आसपास आलेला सिग्नल व्यवस्थित ऐकू येतो. तो ऐकू येईनासा होतो तो त्याच जागी दुसरा कोणी नऊवर ओरडत असला म्हणून. कमी शक्तीच्या केंद्राचे खरे भांडण गर्दीशी असते. अंतराचा प्रश्न त्यामानाने किरकोळ. हे एकदा नीट लक्षात आले की स्पर्धेतले पुढचे सगळे डावपेच आपोआप सुचत जातात.

थोड्या शक्तीत लांब जाता येते हे जगाला हौशी मंडळींनीच दाखवले. 1912 च्या अमेरिकन कायद्याने त्यांना 200 मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर हाकलले होते, कारण त्या लहरी कुचकामी आहेत असे त्या काळच्या जाणकारांचे मत होते. कंपन्या आणि सरकारे लांब लहरींमागे होती आणि त्यांच्यासाठी शेकडो किलोवॅट व उंचच उंच मनोरे उभारत होती. नोव्हेंबर 1923 मध्ये फ्रान्समधल्या नीसच्या लेऑन द्यलुआ यांनी आणि अमेरिकेतल्या फ्रेड श्नेल यांनी 110 मीटरच्या आसपास अटलांटिकच्या आरपार दोन्ही बाजूंनी संपर्क करून दाखवला. त्याच सुमारास मार्कोनीही आखूड लहरी एका दिशेने झोतासारख्या सोडण्याचे प्रयोग करत होता. त्याच्या या ‘बीम’ पद्धतीने महागड्या लांब लहरींचा बेत मागे पडला.

या गोष्टीचा एक तुकडा आपल्या पुणे जिल्ह्यात घडला आहे. 23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते भारत आणि इंग्लंड यांच्यातली बीम तारसेवा सुरू झाली. त्याच दिवशी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्रही त्यांनीच सुरू केले, आणि इतिहासाच्या पुस्तकांत जागा मिळाली ती त्याला. तारसेवेचे पाठवणारे केंद्र खडकीला होते आणि ऐकणारे दौंडला. इंग्लंडातही हीच विभागणी होती: पाठवणे ग्रिम्सबीहून, ऐकणे स्केगनेसला. पाठवणाऱ्या यंत्राच्या कानठळ्यांत सात समुद्रांपलीकडची बारीक हाक बुडून जाऊ नये, म्हणून ऐकणाऱ्याला लांब, मोकळ्या जागी नेऊन बसवायचे. पुढे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या पुण्यात न उभारता जुन्नर तालुक्यात खोडदच्या परिसरात उभ्या राहिल्या. माणसाने केलेला रेडिओ गोंगाट तिथे कमी, हे त्यामागचे एक मोठे कारण.

दौंडहून सरळ रेषेत आग्नेयेला साठेक किलोमीटर गेले की इंदापूर तालुक्यात नीरेकाठी निरवांगी येते. अलीकडे वालचंदनगर, नदीपलीकडे सोलापूर जिल्ह्यातला माळशिरस तालुका, मधे सगळा ऊस. पाच वॅटचे स्पर्धा-केंद्र पुणे जिल्ह्यात कुठे मांडावे असे कोणी विचारले तर मी कोथरूड किंवा हडपसर सांगणार नाही, निरवांगीकडे बोट दाखवीन.

पहिले कारण जागा. 14 मेगाहर्ट्झच्या, म्हणजे 20 मीटरच्या बँडसाठी अर्ध्या लहरीचा डायपोल अँटेना सुमारे 10 मीटर लांब होतो. 7 मेगाहर्ट्झला 20 मीटर लागतात. साहित्य म्हणजे वायरिंगची दीड एमएमची तार, मधोमध जोडलेली कोॲक्स केबल, टोकांना नायलॉनची दोरी आणि कळकाचे दोन उंच खांब. बांधावर नारळाची दोन झाडे योग्य अंतरावर असतील तर खांबही नकोत. उंची शक्यतो 10 मीटर मिळावी. शहरातल्या सोसायटीत एवढी तार गच्चीवर ताणायची तर आधी सर्वसाधारण सभेत ठराव मांडावा लागतो. शेतात बैलगाडीच्या वाटेवर आडवी येत नाही ना आणि महावितरणच्या तारांपासून भरपूर लांब आहे ना, एवढे पाहिले की झाले.

तार कोणत्या दिशेने ताणायची हे मात्र विचार करून ठरवावे. डायपोल आपल्या लांबीला काटकोनात सर्वांत जास्त फेकतो आणि टोकांच्या दिशेला सर्वांत कमी. इथून युरोप वायव्येला आहे, जपान ईशान्येला. तार ईशान्य-नैर्ऋत्य ताणली तर युरोप समोर येतो आणि जपान टोकाला जातो. जपानमध्ये हौशी चालक उदंड, मग त्यांना का सोडायचे? उत्तर गुणांच्या तक्त्यात आहे. या स्पर्धेत दुसऱ्या खंडाशी संपर्क झाला की 3 गुण, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाशी झाला की 1. आपल्या देशातल्या केंद्राशी बोलून गुण शून्य, फक्त देश आणि विभाग मोजणीत धरले जातात. जपान आपल्यासारखाच आशियात, म्हणून एक युरोपीय म्हणजे तीन जपानी. शिवाय युरोपात छोटे छोटे देश खच्चून भरलेले, आणि प्रत्येक नवा देश गुणक वाढवतो. तेव्हा तार युरोपकडे तोंड करून. जपानच्या ‘ऑल एशियन’ स्पर्धेत तर आशियातल्या केंद्रालाच भाव असतो. त्या स्पर्धेत शेऱ्याबरोबर चालकाचे वय सांगायचे असते, ही तिची गंमत.

केबलचाही हिशेब करावा. साधी आरजी-58 केबल 20 मीटर लांब वापरली तर 14 मेगाहर्ट्झला तिच्यात सुमारे 1 डेसिबल गळते. म्हणजे पाचातला एक वॅट तारेपर्यंत पोहोचतच नाही. 100 वॅटवाला याकडे ढुंकूनही पाहत नाही. आपण पाहावे, रेडिओ डायपोलच्या पायथ्याशी, शेतातल्या खोलीत नेऊन ठेवावा.

दुसरे आणि मोठे कारण शांतता. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने रेडिओ गोंगाटाची जी पातळी ठरवून दिली आहे तिच्याप्रमाणे शहर आणि साधा ग्रामीण भाग यांत सुमारे 10 डेसिबलचा फरक पडतो. अगदी निवांत ग्रामीण जागा असेल तर 14 मेगाहर्ट्झला तो 24 डेसिबलच्या घरात जातो. 100 वॅटवरून 5 वॅटवर येताना आपण 13 गमावले होते, ते आठवा. गावातली शांतता आपला आवाज मोठा करत नाही, हे खरे. जर्मनीतल्या माणसाला आपण तेवढेच बारीक ऐकू येतो. पण आपल्याला तो ऐकू येतो, आणि त्याच्या शेजारचा, त्याहून बारीक, ज्याला पुण्यातून कोणीच ऐकलेले नाही, तोही ऐकू येतो. ज्याला कोणी हाक मारत नाही त्याच्या दारात गर्दी नसते.

गावात गोंगाट अजिबात नसतो असे समजू नये. रानडुकरांसाठी कुंपणाला लावलेले झटका मशीन सेकंदा-सेकंदाला ‘टक् टक्’ करते आणि ते प्रत्येक बँडवर ऐकू येते. 11 केव्हीच्या खांबावरचा धुळकटलेला किंवा तडकलेला इन्सुलेटर कोरड्या दिवसांत सतत गुणगुणतो. सौरपंपाचा कंट्रोलर ऊन असेतो शिट्ट्या मारतो. यावर उपाय म्हणजे बॅटरीवर चालणारा छोटा रेडिओ एएमवर लावून वस्तीभर फिरायचे, खरखर वाढते त्या दिशेने जायचे आणि मालकाशी गोडीने बोलायचे. शेतीपंपांची वीज पाळीपाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. वीज गेली की शेतकरी वैतागतो. स्पर्धेतला चालक त्याच क्षणी हेडफोन कानाला घट्ट दाबतो, कारण बँड एकदम स्वच्छ झालेला असतो.

वीज गेली तरी 5 वॅटच्या केंद्राचे काही अडत नाही. ऐकताना 0.3 अँपिअर आणि बोलताना 1.5 अँपिअर धरा, एकूण वेळेच्या पाचव्या हिश्श्यात बोलणे धरा. सरासरी 0.54 अँपिअर येते, 48 तासांना सुमारे 26 अँपिअर-तास. ट्रॅक्टरची बॅटरी एवढे सहज देते आणि रविवारी रात्री ट्रॅक्टर सुरूही होतो.

रेडिओ आयात केलेलाच हवा असे नाही. हैदराबादचे अशहर फरहान यांनी ‘बिटेक्स’ नावाचा ट्रान्सीव्हर असा रचला की भाग भारतातल्या साध्या दुकानांत मिळावेत. कॉइल नळाच्या वॉशरवर गुंडाळायची, गाभा टीव्हीच्या बलूनचा. तो जगभर पसरला. 2017 च्या अखेरीस आलेल्या त्याच्या ‘मायक्रोबिटेक्स’ या आवृत्तीचे बोर्ड हैदराबादेतल्या महिला जोडत होत्या. दहा वॅटच्या आसपास जाणारा हा संच स्पर्धेसाठी 5 वर उतरवून वापरता येतो.

आता प्रत्यक्ष लढत. तगडी केंद्रे एक जागा धरून ‘सीक्यू कॉन्टेस्ट’ पुकारत बसतात आणि लोक त्यांच्याकडे येतात. पाच वॅटवाल्याने हे करू नये. त्याची जागा दोन मिनिटांत कोणीतरी बळकावतो. त्याने डायल हळूहळू फिरवत पुकारणाऱ्यांना शोधायचे आणि हाक मारायची. कोणाला आधी? नवखा माणूस बारीक सिग्नलवाल्याला निवडतो, तोही आपल्यासारखाच गरीब म्हणून. हे चूक आहे. ज्याचा सिग्नल सर्वांत दणदणीत, त्याचा अँटेना बहुधा सर्वांत मोठा, आणि तोच अँटेना आपली बारीक हाकही उचलतो. म्हणून आधी बड्यांकडे जावे, मात्र त्यांच्या दारातली झुंबड ओसरल्यावर. इंटरनेटवर एखाद्याचे नाव झळकले की पुढची काही मिनिटे तिथे पाइल-अप, म्हणजे हाकांची झुंबड, होतो. तेवढ्या वेळात आपण बँडच्या दुसऱ्या टोकाला असावे.

आपल्याकडे एक हुकमाचे पानही आहे. स्पर्धेसाठी जगाचे 40 विभाग केलेले आहेत आणि भारत 22 व्या विभागात येतो. सोबतीला श्रीलंका, मालदीव, नेपाळ, भूतान, बांगलादेश. इथली स्पर्धक केंद्रे युरोपच्या मानाने मोजकीच. त्यामुळे ‘व्हीयू’ने सुरू होणारे कॉलसाइन कानावर पडले की युरोपीय चालक थांबतो. 5 वॅटच्या जर्मन माणसासाठी तो थांबला नसता. त्याला आपल्याकडून नुसते तीन गुण मिळत नाहीत, कदाचित नवा देश आणि नवा विभागही मिळतो.

रविवारची संध्याकाळ हा आपला मोसम. शनिवारी बडी केंद्रे मिनिटाला तीन-चार संपर्क करत असतात, बारीक हाकेसाठी त्यांना फुरसत नसते. रविवारी बहुतेक सगळे एकमेकांशी बोलून झालेले असतात. 15 मीटरवर सहाच्या सुमाराला एखादा इटालियन नुसताच पुकारत असतो, उत्तर कोणी देत नाही. तो श्वास घेतो त्या फटीत आपले कॉलसाइन एकदाच, स्पष्ट टाकायचे. “व्हिक्टर युनिफॉर्म थ्री... अगेन?” असे तिकडून आले की अर्धी लढाई जिंकली. उरलेली अक्षरे दोनदा सांगायची, घाई न करता, आवाज न चढवता. आवाज चढवला की 5 वॅटचे 6 होत नाहीत, फक्त फाटतात. तो एखादे अक्षर चुकवतो, आपण तेवढेच अक्षर दुरुस्त करतो. “फाइव्ह नाइन फिफ्टीन.” “फाइव्ह नाइन ट्वेंटी-टू.” इटली पंधराव्या विभागात. वीस-पंचवीस सेकंद त्याने आपल्यावर खर्च केले, शनिवारी सकाळी त्याने पाचही केले नसते.

ज्याला मोर्स येते त्याचे पारडे आणखी जड. बोलण्याला अडीच किलोहर्ट्झच्या आसपास रुंदी लागते, मोर्सच्या टोनला 500 हर्ट्झचा किंवा त्याहून अरुंद फिल्टर पुरतो. तेवढा गोंगाट बाहेर राहतो आणि सगळी शक्ती एका बारीक रेषेत जाते. अलीकडे एफटी8 नावाची संगणकी पद्धत आली आहे. पल्सारवरील संशोधनासाठी 1993 चे नोबेल मिळालेले जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी 2017 मध्ये ती काढली, आणि कानाला मुळीच न ऐकू येणारा सिग्नलही ती वाचते. कमाल आहे खरी. पण संगणकाने संगणकाला ऐकायचे आणि आपण चहा प्यायचा, यात मला स्पर्धा दिसत नाही. सीक्यू वर्ल्डवाइडमध्ये तिला जागाही नाही.

सूर्यापुढे मात्र कोणाचे चालत नाही. आपली हाक जमिनीपासून अडीचशे ते चारशे किलोमीटर उंचीवरच्या आयनांबराच्या थरावर वाकून परत येते आणि तो थर सूर्याच्या अतिनील किरणांनी घडतो. सौरडागांचे चक्र 11 वर्षांचे. चालू, पंचविसाव्या चक्राचा कळस 2024 मध्ये आला. अशा काळात 10 मीटरवर दुपारी 5 वॅट म्हणजे चैन. चक्र उतरले की तोच बँड दिवसेंदिवस मुका राहतो आणि मग 20 व 40 मीटरवर मुक्काम हलवावा लागतो. सौरवादळ आले तर सगळेच आडवे होतात. त्याची नाडी पाहणारे केंद्र आपल्याकडेच आहे. मुंबईतल्या कुलाबा वेधशाळेने 1859 चे प्रसिद्ध चुंबकीय वादळ टिपले होते. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय नोंदींचे काम 1904 मध्ये अलिबागला हलवले आणि ते आजही तिथे चालते. दौंड, अलिबाग, खोडद या तिन्ही ठिकाणी माणसे शहर सोडून ऐकायला गेली.

सौरवादळात ध्रुवाजवळून जाणारा अमेरिकेचा मार्ग आधी बंद पडतो, दक्षिणेकडचे बरेचदा टिकतात. मेअखेरच्या ‘डब्ल्यूपीएक्स’ मोर्स स्पर्धेत वेगळेच वादळ असते, वळवाचे. ढग गडगडला की आधी अँटेना काढून बाहेर टाकावा, मग गुणांचा विचार करावा.

गुणांचे उदाहरण पाहू. समजा दोन दिवसांत 60 युरोपीय आणि 40 आशियाई केंद्रे मिळाली. 180 आणि 40, मिळून 220. बँडनिहाय 25 देश आणि 9 विभाग झाले, म्हणजे गुणक 34. एकूण 220 गुणिले 34, म्हणजे 7480. बड्या केंद्रांचे आकडे लाखांत असतात, पण त्यांच्याशी आपली तुलनाच होत नाही. आपले नाव लागते ते आपल्या गटात, आपल्या देशात.

नोंद मात्र चोख हवी. सगळ्यांच्या नोंदवह्या संगणक एकमेकांशी ताडून पाहतो. समोरच्याचे कॉलसाइन चुकीचे लिहिले तर तो संपर्क जातो आणि वर त्याच्या दुप्पट गुणांचा दंड बसतो. तीन गुणांच्या एका चुकीत नऊ गुण बुडतात. आपले नाव समोरच्याच्या नोंदीत सापडले नाही तरी हाच दंड. म्हणून ‘ऐकले असेल बहुतेक’ असे म्हणून पुढे जाऊ नये. पुन्हा विचारायला लाजू नये.

हे शिस्तीचे ऐकणे स्पर्धेबाहेरही कामाला येते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनी लातूर भागात संपर्क सांभाळला होता. अशा वेळी वीज नसते, बॅटरी असते, आणि नाव-गाव-आकडे एकदाच ऐकून बिनचूक लिहावे लागतात.

परवान्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. 12 वर्षांची मुलेही बसू शकतात. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल असे दोन दर्जे आहेत, जनरलच्या परीक्षेत मोर्सही असते. परवान्याशिवाय फक्त ऐकावे. ऐकायला काही हरकत नाही आणि पहिले वर्ष नुसते ऐकण्यात गेले तर उत्तमच.

परवाना हातात आला आणि पहिल्या स्पर्धेत चाळीसच संपर्क झाले, तरी पाच दिवसांच्या मुदतीत तेवढ्याच चाळीस ओळींचा लॉग पाठवून द्या. तुमच्या लॉगवरूनच बाकीच्यांचे तपासले जातात, आणि 22 व्या विभागातून येणारे लॉग तसेही थोडेच असतात.